कुणाचे पैसे कुणाच्या अंगावर

आमच्या धाराशिव जिल्ह्यात घर बांधायला काढलं, की शेजारीपाजारी सिमेंटचा भाव सांगत नाहीत. आधी सल्ला देतात : मिस्त्रीचे पैसे आपल्या अंगावर असावेत, आपले मिस्त्रीच्या अंगावर नसावेत. स्लॅब पडल्या दिवशी सगळा हिशोब चुकता केलात, तर मिस्त्री दुसऱ्या दिवशी भलत्याच साइटवर दिसतो आणि तुमचा गिलावा दिवाळीनंतर होतो. कुठली दिवाळी, ते विचारायचं नसतं. मिस्त्रीही काही कमी नाही. आठवडी बाजाराच्या दिवशी तो दारात उभा राहतो आणि "मालक, बाजार करायचाय" एवढंच म्हणतो. थोडं द्यायचं, थोडं राखायचं.

हेच शहाणपण सरकारी कागदावर 'सुरक्षा अनामत' होतं. इंग्लंडात 1840 च्या दशकात धडाधड रेल्वे बांधणाऱ्या नवख्या ठेकेदारांचा भरवसा वाटेना, तेव्हा ही पद्धत रुजली म्हणतात. प्रत्येक बिलातून काही टक्के कापून ठेवायचे; काम पुरं झालं, दोष दायित्वाची मुदत निर्धोक सरली, की परत करायचे. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत तर ठेकेदाराने रस्ता पाच वर्षं सांभाळायचा असतो. आमच्याकडचे खड्डे मात्र नियम जाणणारे आहेत. ते पडतात पहिल्याच पावसात, पण कागदावर उगवतात सहाव्या वर्षी. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदी अडवून दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, 1613 च्या सुमारास, पाणीमहाल बांधला. आजच्या हिशोबाने तीन वर्षांची मुदत धरली, तर त्या कारागिराची अनामत 1616 मध्येच मोकळी व्हायला हवी होती. बंधारा अजून पाणी धरून आहे. मुदत संपल्याचं त्याला कुणी कळवलेलं दिसत नाही.

पण राखून ठेवण्याचा नियम खरा कडक कुठे लागतो, ते पाहायचं असेल तर घरकुलाच्या लाभार्थ्याकडे चला. आवास योजनेचे 1 लाख 20 हजार रुपये, तेही हप्त्याहप्त्याने. जोत्यापर्यंत आलात? फोटो. छतापर्यंत आलात? फोटो. लाभार्थी आपल्याच भिंतीपुढे गुन्हेगारासारखा उभा, हातात ओळखपत्र, आणि साहेबाच्या मोबाइलला रेंज नाही म्हणून अक्षांश-रेखांश जुळत नाहीत. घर पुरं झाल्याशिवाय शेवटचा हप्ता नाही आणि शेवटच्या हप्त्याशिवाय घर पुरं होत नाही. सरकारने पाच ब्रास वाळू मोफत जाहीर केली आहे. वाळू मोफत, ती येते त्या टिपरचं भाडं मात्र रोख.

आता जरा वर पाहा. सिंचनाच्या मोठ्या कामांत राखून ठेवणं दूरच, उलट मोबिलायझेशन ॲडव्हान्स नावाची उचल मिळायची. काम व्हायचं तेव्हा होवो, पैसे आधी. दहा वर्षांत सुमारे 70 हजार कोटी खर्च झाले आणि सिंचनाचं प्रमाण 0.1 टक्क्याने वाढलं, या आकड्यावरून 2012 मध्ये राज्यात रण पेटलं, तेव्हा ही उचलही चव्हाट्यावर आली. भूम, वाशी, कळंबचा ऊसतोड मजूरही उचल घेतो. पण ती फिटेपर्यंत मुकादम त्याला फडातून हलू देत नाही. गणित जमलं नाही तर पुढच्या हंगामात पुन्हा तोच कोयता, तोच मुकादम. जलसंपदा खात्यात असा एखादा मुकादम नेमला असता, तर मराठवाडा एव्हाना हिरवागार झाला असता.

आमच्या भागापुरतं बोलायचं, तर इथे पाण्याचीच अनामत कापलेली आहे. कृष्णा-मराठवाडा प्रकल्पातून यायचं होतं 23.66 टीएमसी. पहिल्या टप्प्यात ठरले 7. उरलेले 16.66 टीएमसी राखून ठेवले. आम्ही कुठला दोष केला आणि दायित्वाची मुदत कधी संपते, ते कळलं तर आभारी राहू.

ठेकेदारांचंही हल्ली बरं चाललेलं नाही, हे कबूल केलं पाहिजे. 2025 मध्ये त्यांच्या संघटनांनी सरकारकडे 89 हजार कोटी थकल्याचा दावा करत आंदोलनं केली. सरकारने अनामतीच्या तत्त्वात मोठीच सुधारणा केली म्हणायची : काम पुरं होईपर्यंत काही टक्के राखण्याऐवजी, काम पुरं झाल्यावर सगळेच राखायचे. मग बडा ठेकेदार छोट्याचे राखतो, छोटा सेंट्रिंगवाल्याचे, सेंट्रिंगवाला मजुराचे. मजुराने कुणाचे राखायचे? तो किराणा दुकानदाराचे राखतो. राज्याच्या तिजोरीला तेल-मिठाच्या उधारीवर चालवणारं हे दुकान कुठल्याच अर्थसंकल्पात दिसत नाही.

तेव्हा एक सूचना. ही पद्धत जिथून काम सुरू होतं, तिथेच लावावी : भूमिपूजनाला. नारळ फुटला, की अर्धाच प्रसाद वाटायचा. उरलेलं भकल, अर्धा हार आणि कोनशिलेवरची निम्मी नावं अनामत म्हणून जमा. ग्रामसभेने पूर्णत्वाचा दाखला दिला, की व्याजासह परत. मागच्या भूमिपूजनाची भकलं सुटली नसतील, तर नवा नारळ फोडायला मनाई.

कल्पना एका जाणत्याला सांगितली. त्याने डोकं हलवलं. म्हणाला, चांगलीय, पण इतकी भकलं कामं होईस्तोवर ठेवणार कुठं? सडतील की. शीतगृह लागेल, त्याचं अंदाजपत्रक लागेल. मंजूर होईल म्हणा. अशा कामाला नाही कोण म्हणतंय? भूमिपूजन पुढच्या महिन्यात धरायला हरकत नाही.