आधीपासूनचा चाहता कसे व्हावे
(खान्देशातील होतकरूंसाठी मार्गदर्शिका)

प्रास्ताविक

जळगाव तालुक्यातल्या धानवडचा संजू राठोड स्वतः गाणी लिहितो, स्वतः गातो. भाऊ गौरव ‘जी-स्पार्क’ या नावाने संगीताची बाजू सांभाळतो. २०२४ च्या सुरुवातीला या दोघांचे ‘गुलाबी साडी’ आले. प्राजक्ता घाग त्यात साडी नेसून उभी राहिली आणि त्यानंतर देशात जिच्याकडे गुलाबी साडी होती तिने ती कपाटातून काढली. माधुरी दीक्षितने त्यावर रील केले. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरवर गाण्याचा फलक झळकला. जुलैत अंबानींच्या घरच्या लग्नसोहळ्यात संजू गायला. २०२५ मध्ये ईशा मालवीयसोबतचे ‘शेकी’ आले, आणि ज्यांना ‘जळगाव’मधला ‘ळ’ म्हणता येत नाही तेही जळगावच्या पोराच्या ठेक्यावर नाचू लागले.

ही झाली गायकाची प्रगती. प्रस्तुत मार्गदर्शिकेचा विषय तो नाही. त्याच काळात खान्देशात चाहत्यांनीही डोळे दिपवणारी प्रगती केली, ती आमचा विषय आहे. टाइम्स स्क्वेअरची बातमी आली त्या दिवशी संध्याकाळच्या चहापर्यंत जळगावात असा माणूस उरला नव्हता, ज्याने कोणाला तरी ‘मी तं आधीच सांगितलं होतं भो’ असे ऐकवले नाही. या वाक्याला सध्या बाजारात फार मागणी आहे. मात्र बरेच जण ते तयारीविना उच्चारतात आणि दुसऱ्याच प्रश्नाला उघडे पडतात. अशांच्या सोयीसाठी पुढील पायऱ्या देत आहोत.

पायरी पहिली : ज्येष्ठता ठरवणे

चाहत्यांत सेवाज्येष्ठता असते आणि ती सरकारी नोकरीपेक्षा काटेकोर असते. ‘शेकी’नंतर आलेला चाहता हा रोजंदारीवरचा. ‘गुलाबी साडी’वाला कंत्राटी. ‘नऊवारी पाहिजे’पासूनचा कायम. त्याच्याही आधीचा असेल त्याला कोणी काही विचारत नाही, कारण विचारणाऱ्यालाही त्याआधीचे काही माहीत नसते. म्हणून शहाण्याने थेट या शेवटच्या गटात अर्ज करावा.

गटात बसण्यासाठी अभ्यासाची गरज नाही. कोणी ‘गुलाबी साडी’चे कौतुक केले की किंचित हसावे, पाण्याचा घोट घ्यावा आणि म्हणावे, “ते चांगलंच आहे. पण त्याची सुरुवातीची गाणी ऐकली का तुम्ही?” समोरचा गप्प होतो. चुकून ‘कोणती?’ असे विचारलेच, तर ‘आता ती कुठे मिळतात!’ एवढे पुरे.

पायरी दुसरी : नाते लावणे

जळगावकरांना ही पायरी सोपी. धानवड आणि आपले गाव यांच्यातले अंतर सांगताना किलोमीटर वापरू नयेत. ‘अरे, लागूनच आहे’ हे माप वापरावे. या मापाने जामनेर लागून आहे, पाचोरा लागून आहे आणि वेळप्रसंगी रावेरही लागून आहे. त्यानंतर मावसभावाचा मित्र, त्या मित्राचे दूधवाले, दूधवाल्यांचे साडू अशी साखळी जोडत धानवडच्या पारापर्यंत पोहोचावे. ‘माझ्याच बाकावर बसायचा’ हे विधान मात्र आता टाळावे. असे सांगणारे इतके झाले आहेत की तो बाक अजिंठा चौफुलीपासून आकाशवाणी चौकापर्यंत लांब असला पाहिजे.

धुळेकरांचे काम थोडे अवघड आहे. त्यांनी ‘जळगाव’ हा शब्द उच्चारू नये, फक्त ‘खान्देश’ म्हणावे. कोणी हरकत घेतली तर इतिहास काढावा. १९०६ साली इंग्रजांनी कारभाराच्या सोयीसाठी खान्देशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे केले. धुळे पश्चिमेला गेले, जळगाव पूर्वेला. त्या वाटणीत गायकांचा उल्लेख नाही. म्हणजे ती जिंदगी अजून सामाईक आहे. धुळ्याच्या पाचकंदीलला उभे राहून छातीवर हात ठेवावा आणि म्हणावे, “हाऊ आपला पोऱ्या शे.” एवढ्यावर भागते. नंदुरबारकरांनी १ जुलै १९९८ पर्यंत आपण धुळे जिल्ह्यातच होतो, याची आठवण करून देऊन रांगेत मागे उभे राहावे.

पायरी तिसरी : साहित्य जमवणे

या गायकाची गाणी ओळीने लिहिली तर लग्नाच्या बस्त्याची यादी तयार होते : नऊवारी, गुलाबी साडी, काली बिंदी. निष्ठावंताच्या घरात यातली एक तरी वस्तू हवी. जळगावात फुले मार्केटला जावे, धुळ्यात आग्रा रोडला. दुकानदाराकडे ‘गुलाबी’ म्हणून साडी मागू नये. तो राणी कलर, कांदा कलर, बेबी पिंक, गाजरी असा एकेक गठ्ठा उलगडत जाईल आणि बायको पहिल्याच दुकानात बसून राहील. ‘गाण्यातली द्या’ असे म्हणावे. तो त्याच्याकडे जी सर्वांत जास्त उरली आहे ती काढून देईल. तीच गाण्यातली.

साडी आणली की फोटो काढणे ओघानेच आले, कारण त्या गाण्यात नायिकेचे मागणे तेवढेच आहे. इथे नवरेमंडळींना सूचना : गाण्यातला नायक एका सांगण्यात फोटो काढतो. प्रत्यक्षात पहिल्या फोटोत डोळे मिटलेले असतात, दुसऱ्यात निऱ्या दिसत नाहीत, तिसऱ्यात मागे गॅसची टाकी येते. दहाव्या फोटोनंतर चाहतेपण टिकते तोच खरा चाहता.

पायरी चौथी : लग्नातली कर्तव्ये

खान्देशातल्या लग्नात ‘गुलाबी साडी’ निदान तीनदा लागते : हळदीला, वरातीत, आणि तिसऱ्यांदा कोणाचे लक्ष नसताना जनरेटरवाल्याच्या मोबाइलवर. आधीपासूनच्या चाहत्याने पहिल्या ठेक्याला उठू नये. उठतात ते नवशिके. आपण पंगतीत वरणबट्टी आणि घोटलेल्या वांग्याच्या भाजीवर लक्ष ठेवून बसावे आणि शेजाऱ्याला म्हणावे, “बँडवाल्याने ठेका जरा उतरवलाय. मूळ गाण्यात असा नाही.” शेजारी तुमच्याकडे नव्या आदराने बघतो आणि वाढप्याला तुमच्या पानावर आणखी तूप सोडायला सांगतो.

गुलाबी साडीतल्या आत्याबाईंना नाचण्याचा आग्रह करावा, पण एकदाच. दुसऱ्यांदा केला तर त्या थांबत नाहीत आणि मुहूर्त टळतो. कानबाईच्या मिरवणुकीत डीजेवाल्याने देवीच्या गाण्यांमध्ये हेच गाणे घुसवले, तर ज्येष्ठांकडे पाहू नये. त्यांच्यातले निम्मे ओठांनी म्हणतच असतात.

पायरी पाचवी : घरातील विरोध मोडून काढणे

वडील म्हणतील, “हे काय गाणं आहे? आमच्याकडे बहिणाबाई झाल्या, बालकवी झाले.” या हल्ल्यासाठी पुढील माहिती पाठ करावी.

बहिणाबाई चौधरी १८८० साली असोद्याला जन्मल्या आणि जळगावात नांदल्या. शेतात, जात्यावर त्यांनी रचलेले शब्द गावाने आयुष्यभर ऐकले. ऐकले म्हणजे कानावर पडले. १९५१ मध्ये त्या गेल्या. मुलगा सोपानदेव यांनी त्या शब्दांची वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघाले. त्यानंतर जळगावला समजले की आपल्याकडे काय होते. ज्या गावच्या सराफ बाजारात डोळे मिटून कस लावणारी माणसे बसतात, त्या गावाला हे सोने दाखवायला मुंबईचा माणूस लागला. २०१८ मध्ये जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले. मृत्यूनंतर फक्त सदुसष्ट वर्षांत! इतकी तातडी आपल्याकडे इतर कामांत आढळत नाही.

बालकवींचे उदाहरण आले तर सावध राहावे, कारण तिथे जळगावने आपल्या शिस्तीबाहेरचे वर्तन केले आहे. १९०७ साली इथे महाराष्ट्रातले पहिले कविसंमेलन भरले. धरणगावचे सोळा-सतरा वर्षांचे त्र्यंबक बापूजी ठोंबरे कविता म्हणून गेले आणि अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी तिथल्या तिथे त्यांना ‘बालकवी’ केले. म्हणजे जिवंत माणसाला, वेळेवर, त्याच्या जिल्ह्यात दाद मिळाली. मात्र अध्यक्ष बाहेरचे होते, त्यामुळे दोष गावाकडे जात नाही. आणि गावानेही पुढे पुष्कळ काळजी घेतली.

एवढे ऐकून वडील गप्प होतील. झालेच तर म्हणतील, “आवाज कमी कर.” हा विरोध मानू नये. ही खान्देशातली दाद देण्याची जुनी पद्धत आहे.

पायरी सहावी : भाषेच्या प्रश्नाला उत्तर

धुळ्याकडचा एखादा अहिराणीचा अभिमानी विचारेल, “गाणं चांगलं शे, पन आपली बोली कथी शे?” प्रश्न बिनतोड आहे. ‘गुलाबी साडी’ अहिराणीत नाही, लेवा बोलीत नाही, बंजारा घरातला मुलगा असूनही गोरबोलीत नाही. ते मुंबईपासून चंद्रपूरपर्यंत कोणालाही कळेल अशा सरळ मराठीत आहे. उलट ‘झुमका वाली पोर’सारखी अहिराणी गाणी कोट्यवधी वेळा पाहिली गेली, तरी त्यांच्यासाठी कोणी टाइम्स स्क्वेअरची चौकशी केली नाही.

इथे नेहमीचे उत्तर असे : “शब्द नसले तरी ठेका खान्देशी आहे.” हे कोणाला सिद्ध करता येत नाही आणि खोडताही येत नाही, म्हणून ते उत्तम. ज्यांना खरे उत्तर हवे असेल त्यांच्यासाठी तेही देऊन ठेवतो, पण ते चारचौघांत वापरू नये. दारात तयार होऊन उभी असलेली बाई रोज जे वाक्य बोलते, ते कोणत्याही मराठी घरात तसेच बोलले जाते, आणि ते गाणे आहे हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते. या पोराच्या आले. त्याने आणि त्याच्या भावाने दुसऱ्या कोणाच्या चालीची, कोणाच्या सिनेमाची वाट न पाहता ते करून टाकले. कौतुक करण्यासारखी गोष्ट ही आहे. पण यात आपला काही हात नसल्यामुळे चाहत्यांच्या बैठकीत तिला महत्त्व नाही.

पायरी सातवी : तिकीट न काढणे

नवशिका तिकीट काढतो, आधीपासूनचा चाहता पास मागतो. ‘आपलाच पोरगा आहे, तिकीट कसलं?’ हे या चळवळीचे घोषवाक्य आहे. पास नगरसेवकाकडून, मंडळाच्या खजिनदाराकडून किंवा मंडपवाल्याकडून मिळवावा. पहिल्या रांगेतला मिळाल्यास कार्यक्रमभर मागे वळून ओळखीचे कोण मागे बसले आहेत ते पाहावे. गाणे सुरू झाल्यावर मोबाइल उंच धरावा, म्हणजे मागच्या तिकीटवाल्यांना ते मोबाइलमध्ये तरी दिसेल.

गायक गाडीत बसताना ‘संजूभाऊ!’ अशी हाक मारावी. त्याने हात हलवला तर तो आपल्यालाच, हे गृहीत धरावे. नाही हलवला तर “आता मोठा झाला भो” म्हणून उसासा टाकावा. या उसाशातही जुन्या ओळखीचा पुरावा असतोच.

शंका-समाधान

शंका : पुढचा संजू राठोड आपल्याच गल्लीत असेल तर कसा ओळखावा?
समाधान : ओळखण्याची गरज नाही, आपल्याला त्याचा आधीच त्रास होत असतो. तो वरच्या खोलीत खिडकीला गोधडी लावून, पंखा बंद करून, घामाघूम होऊन मोबाइलवर आवाज भरत असतो. नेमक्या त्याच वेळी खाली आपण मिक्सर लावलेला असतो.

शंका : त्याच्याशी कसे वागावे?
समाधान : परंपरेप्रमाणे. भेटेल तेव्हा ‘एमपीएससीचा फॉर्म भरला का?’ असे विचारावे. त्याने गाण्याची लिंक पाठवली तर अंगठा द्यावा, लिंक उघडू नये. मात्र त्याच्यासोबत एखादा फोटो काढून तारखेसह जपून ठेवावा. पुढे लागतो.

शंका : समजा, कोणी मोठे म्हणायच्या आतच त्याचे गाणे आपल्याला मनापासून आवडले, तर?
समाधान : अशी प्रकरणे दुर्मीळ आहेत, जळगावात १९०७ चे एक नोंदलेले आहे. तरी तसे झालेच, तर मिक्सर बंद करावा, गाणे शेवटपर्यंत ऐकावे आणि जिना चढून त्याला सांगून यावे. त्याने कुठे कार्यक्रम ठेवला तर तिकीट काढावे, सुट्टे परत मागू नयेत. अशा माणसाला या मार्गदर्शिकेचा काही उपयोग नाही. त्याने ती शेजाऱ्याला द्यावी. शेजाऱ्याला ती दोन-तीन वर्षांत लागणार आहे.