सहीचे धनी

नातेवाइकांच्या कर्जाला जामीन राहणारा गृहस्थ प्रत्येक मराठी कुटुंबाच्या परिचयाचा असतो. त्याचा अस्सल नमुना मात्र भोपाळच्या साकेत नगरात पाहावा. येथील मामा शेजारच्या भेलमधून, म्हणजे वीजयंत्रे बनवणाऱ्या सरकारी कारखान्यातून, निवृत्त झालेले असतात, घर त्यांच्या स्वतःच्या नावावर असते, ठेवी बँकेत असतात आणि कोणाचे एका पैचेही देणे नसते. बँकेच्या दृष्टीने याहून देखणा पुरुष नाही. त्यातच एम्सचे रुग्णालय याच वस्तीत आल्याने इंदूर, उज्जैन आणि ग्वाल्हेरचे नातलग रुग्ण दाखवण्यासाठी मामांकडे उतरतात, आणि त्यांच्या पिशवीत तपासण्यांच्या कागदांखाली कर्जाचा अर्जही निघतो.

"मामा, बस एक सही पाहिजे होती," एवढेच भाचा म्हणतो. कर्ज किती, व्याजाचा दर काय, एम.पी. नगरात आधीच इतके कोचिंग क्लास असताना आणखी एक कसा चालणार, यांपैकी काहीही न विचारता मामा चष्मा पुसतात आणि एकच प्रश्न करतात : "पूर्ण की छोटी?" प्रत्येक पानावर छोटी आणि शेवटच्या पानावर पूर्ण सही, हा बँकेचा रिवाज त्यांना तोंडपाठ आहे. पूर्ण सहीत वडिलांचे नाव, आडनाव, परत फिरवलेली रेघ आणि तिच्याखाली दोन टिंबे येत असल्यामुळे ती नेमून दिलेल्या चौकटीत मावत नाही, आणि शाखाधिकाऱ्याच्या शेऱ्याची जागाही व्यापून बसते. गॅसच्या पुस्तकावर, सोसायटीच्या इतिवृत्तावर, कुरिअरवाल्याच्या मोबाइलच्या काचेवरसुद्धा मामा आधी "पूर्ण की छोटी?" असे विचारूनच बोट टेकवतात.

या सहीचा कायदेशीर अर्थ मात्र छोटा नसतो. भारतीय करार कायदा, १८७२ याच्या कलम १२६ नुसार दुसऱ्याने देणे चुकवल्यास ते आपण फेडू असे वचन देणारा तो जामीनदार. आणि कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल तर, त्याची जबाबदारी मूळ ऋणकोच्या, म्हणजे कर्ज घेणाऱ्याच्या, जबाबदारीइतकीच असते. बँकेने आधी ऋणकोच्या मागे लागून थकले पाहिजे असेही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६८ सालीच स्पष्ट केले आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत जामिनाचे तीन प्रकार येतात : माणसाला हजर करण्याचा, तो विश्वासू असल्याची ग्वाही देण्याचा आणि त्याने न दिल्यास स्वतः पैसे भरण्याचा. मामा दुसऱ्या प्रकारची सही करतात आणि बँक ती तिसऱ्या प्रकारची म्हणून दप्तरी लावते, असा समज कोणाचाही व्हावा. त्याच स्मृतीने एकत्र कुटुंबातील भावाभावांत, पतिपत्नींत आणि बापलेकांत जामीनकीला मुळी थाराच दिलेला नाही. मामाभाच्यांचा उल्लेख तेथे नाही, आणि कुटुंबाने नेमकी हीच फट हेरली असावी.

यथावकाश क्लास बंद पडतो, भाच्याचा फोन लागेनासा होतो आणि पोस्टमन बँकेची नोटीस घेऊन दारात उभा राहतो. पोचपावती पुढे येताच मामा विचारतात, "पूर्ण की छोटी?"

येथवर या गृहस्थाला भोळा ठरवणे सोपे आहे, आणि नातेवाईक ते आनंदाने करतात. परंतु मामा कपाटातून जे पाकीट काढतात, त्यात एका मुदत ठेवीची पावती असते, वर पेन्सिलीने भाच्याचे नाव असते, आणि पावतीवरची तारीख असते जामीनपत्रावर सही केली त्याच दिवसाची. व्यापाराचा हिशेब त्यांनी विचारला नव्हता, कारण बुडाले तर किती आणि कोठून भरायचे हा हिशेब त्यांचा आधीच झाला होता. ठेव मोडण्याच्या अर्जावर ते पूर्ण सही करतात, आणि घरी परतताना बहिणीला फोन करून फक्त तिच्या गुडघेदुखीची चौकशी करतात. असा माणूस चिडवायला चांगला. त्याची योग्यता मान्य करताना मात्र जीभ अडखळते, कारण मान्य केल्यावर पैसे परत करण्याचाही विषय निघतो.

कायद्याने तो विषय काढण्याची सोय ठेवली आहे. कलम १४५ अन्वये जामीनदाराला त्याने रीतसर भरलेली रक्कम मूळ ऋणकोकडून वसूल करता येते. दावा मात्र भरणा केल्यापासून तीन वर्षांच्या आत लावावा लागतो. त्या तीन वर्षांत भाच्याचे लग्न होते, बारसे होते, आणि दोन्ही निमंत्रणपत्रिकांवर मामांचे नाव प्रेषकांत, वडिलांच्या नावासह, पूर्ण छापलेले असते.