मागेल त्या जावयाला पूल

मुक्काम आसगाव (चौ.), ता. पवनी, जि. भंडारा

श्री. जावईबापू, मुक्काम पुणे, यांना सासऱ्याचा साष्टांग नमस्कार.

वडीलधाऱ्यानं पत्रात आशीर्वाद लिहावेत अशी रीत आहे. पण अधिक महिन्यात जावई विष्णूच्या जागी बसतो, आणि देवाला आशीर्वाद देण्याइतका मी अजून म्हातारा झालेलो नाही. 2023 च्या अधिक श्रावणात आपण आलात तेव्हा 33 अनारसे, तांब्याचा दिवा आणि सासूबाईंच्या हातचे पुरणाचे धोंडे एवढ्यावर भागलं होतं. 2026 चा अधिक ज्येष्ठ भर मे-जूनमध्ये. त्यासाठी आपण फोनवर म्हणालात, "बाबा, कपडे-भांडी काही नको. मागच्या वाडीत छोटासा पूल करू. निम्मे मी देतो." त्या निम्म्याला उशाशी घेऊन मी तीन रात्री जागा आहे. आपले निम्मे आपण सांगितलेत, म्हणजे उरलेले कोणाचे ते मला सांगायची गरज उरली नाही.

हे पत्र खुलं का, तर आपला फोन स्पीकरवर होता. संध्याकाळी चौकात गेलो तोवर बातमी माझ्या आधी पोचलेली. "कोनत्या नाल्यावर बांधता जी गुरुजी पूल?" एकानं विचारलं. दुसऱ्याला तो आमदार निधीतून होणार की जिल्हा परिषदेतून, याची काळजी. मी खुलासा केला की हा पाण्यावरचा पूल नाही, पाण्याचा पूल आहे, पोहायचा. त्यावर एक म्हातारा समजूतदारपणे म्हणाला, "म्हनजे बोडीच." मी म्हटलं, बोडीच, पण टाइल्सची. त्यानं थोडा विचार केला. "मंग मासे कोनते सोडता?"

याचं उत्तर मला आलं नाही. पस्तीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला भर चौकात उत्तर येऊ नये, म्हणून आता सगळा हिशेब चौकातच मांडतो.

आपण पाठवलेलं नागपूरच्या ठेकेदाराचं अंदाजपत्रक वाचलं. कागद गुळगुळीत आहे. शेवटी "प्रत्यक्ष कामानुसार बदल संभवतो" अशी बारीक ओळ आहे, तिच्याखाली मी पेन्सिलीनं रेघ मारली. कारण आपण पवनी तालुक्याचे जावई आहात आणि पाण्याच्या अंदाजपत्रकांबाबत हा तालुका फार शिकलेला आहे. गोसीखुर्द धरणाची कोनशिला राजीव गांधींच्या हस्ते 22 एप्रिल 1988 रोजी बसली तेव्हा खर्चाचा अंदाज 372 कोटींचा होता. पुढे सुधारत सुधारत तो अठरा हजार कोटींच्या पलीकडे गेला. त्या धरणाला दारं 33. आपल्या वाणातले अनारसेही 33. या आकड्यानं आमच्या तालुक्यात काही स्वस्तात सुटत नाही.

आता पूल. चोवीस फूट लांब, बारा रुंद, सरासरी साडेचार खोल. मी गणिताचा मास्तर, त्यामुळे झोप लागत नव्हती तेव्हा हेच केलं. बाराशे शहाण्णव घनफूट, म्हणजे छत्तीस हजार सातशे लिटर. जलजीवन मिशननं गावातल्या माणसाला दिवसाला 55 लिटर पाणी ठरवून दिलंय. त्या मापानं आपला छोटासा पूल म्हणजे पाच जणांच्या घराचं सव्वाचार महिन्यांहून जास्त दिवसांचं पाणी. बरं, एकदा भरलं की झालं म्हणावं, तर मे महिन्यात आमच्याकडे उघड्या पाण्यातून दिवसाला सेंटिमीटरभर सहज उडतं. एवढ्या आकाराच्या पुलातून तेवढं उडालं तर रोजचे दोनशे अडुसष्ट लिटर. जवळजवळ पाच माणसांचा वाटा, आणि तो कोणी न पोहता. आपण चतुर आहात, म्हणाल, वरून प्लास्टिक घालू. घाला. पण पाणी गार राहतं ते उडतं म्हणूनच. माठाचं शास्त्र तेच आहे. पूल झाकला तर तापतो, उघडा ठेवला तर उडतो. भंडाऱ्याच्या पंचेचाळीस अंशांत झाकलेला पूल म्हणजे चुलीवर ठेवलेलं अंघोळीचं पाणी, फक्त जळण वाचतं.

ठेकेदारानं जमीन पाहिली का, हे मला विचारायचं होतं. तो गाडीतून उतरला, वाडीचे फोटो काढले, पन्ह्याचे दोन पेले प्याला आणि गेला. आमचा चौरास पट्टा कसदार म्हणून नावाजलेला आहे. वाडीत आपल्या पायाला जी चिकटते ती काळी कन्हार. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात अशी तडकते की भेगेत हात जातो. अशा मातीत बारा महिने भरलेलं काँक्रीटचं ताट सरळ ठेवायचं तर आधी काळी माती उपसून खाली मुरूम दाबायला हवा. अंदाजपत्रकात मुरूम हा शब्दच नाही. "प्रत्यक्ष कामानुसार" मध्ये तो लपलेला असावा.

याहून एक गंमत आहे, ती मला नागपूरच्या एका स्थापत्य अभियंत्यानं सांगितली. माझाच जुना विद्यार्थी. ऑगस्टमध्ये रोवणी आटोपलेली असते, बांध्या तुडुंब भरलेल्या असतात, विहिरीचं पाणी हातानं घेता येईल इतकं वर असतं. अशा वेळी साफसफाईसाठी पूल रिकामा केला, तर खालचं भूजल त्याला वर ढकलतं. रिकामी होडी तरंगते तसा अख्खा काँक्रीटचा पूल जमिनीतून उचलला जातो. त्यासाठी तळाशी झडप ठेवतात, ती विसरली की संपलं. जावईबापू, मी बरंच आयुष्य पाहिलं, पण जिच्यात पोहायचं तीच आपल्या आधी पोहू लागते अशी वस्तू अजून घरात आणलेली नाही.

क्लोरीनचं फार लिहीत नाही. सामू 7.2 ते 7.8 च्या आत ठेवायचा, दीड हॉर्सपॉवरचा पंप दिवसाला आठ तास चालवायचा, म्हणजे महिन्याला पावणेतीनशे युनिट फक्त पाणी गोल फिरवायला. ऊन क्लोरीन खातं, शेवाळ त्याची वाट पाहत असतं. आपण वर्षातून दहा दिवस येता. उरलेले तीनशे पंचावन्न दिवस सकाळी उठून पाण्यात पट्टी बुडवून तिचा रंग पाहणारा इसम कोण, हे अंदाजपत्रकात नाही आणि तो मला आरशात दिसतो.

मोहेंजोदडोच्या लोकांनीही पूल बांधला होता. बारा मीटर लांब, सात रुंद, अडीच मीटरच्या आसपास खोल, गळू नये म्हणून विटांच्या मागे डांबराचा थर. साडेचार हजार वर्षं होत आली, अजून उभा आहे. पण तो कोणाच्या घरामागे नव्हता, गावाचा होता. त्यामुळे त्याची पट्टी बुडवायची पाळी एका सासऱ्यावर आली नसणार.

म्हाताऱ्यानं बोडी म्हटलं ते आपल्याला कळलं नसेल म्हणून सांगतो. भंडारा-गोंदियाला तलावांचे जिल्हे म्हणतात. गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी इथे तलाव बांधले: मातीची पाळ, पाणी सोडायला तुडूम, जादा पाणी निघून जायला सलंग. मालगुजारी गेली तेव्हा, 1951 च्या सुमारास, तलाव सरकारकडे गेले आणि "मामा तलाव" झाले, म्हणजे माजी मालगुजारी. मामा म्हटल्यावर त्यांच्याकडे भाच्यांनी जसं पाहावं तसंच सगळ्यांनी पाहिलं. बोडी ही तलावाची धाकटी बहीण, एखाद्या कुटुंबाची, शेताच्या वरच्या अंगाला. आमचीही आहे. आश्विनात पावसानं दडी मारली आणि धान गर्भात असलं, की बोडीचं एक पाणी मिळालं तर पोतं भरतं, नाही मिळालं तर तणस. त्याशिवाय शिंगाडे, मरळ, म्हशींची अंघोळ, आणि पाठीवर वाळका भोपळा बांधून पोहायला शिकलेला मी. चालवायला वीज नाही, सामू कोणी मोजला नाही.

आता आपण म्हणाल, एवढी बोडी थोर, तर ती आज कुठे आहे? प्रश्न बरोबर आहे. गाळानं अर्धी भरलीय आणि पाळीवर बेशरमाची झाडी माजलीय. ती झाडी दहा वर्षांत मी एकदाही तोडली नाही. तेव्हा बेशरम कोण, हाही प्रश्न खुलाच ठेवतो. सरकारनं 2016 मध्ये "मागेल त्याला शेततळे" काढलं तेव्हा लोक म्हणाले, गुरुजी, अर्ज करा. मी म्हटलं, आपल्याला आजोबांची बोडी आहे, तळं कशाला. तळं नाही घेतलं आणि बोडीही नाही उपसली. प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यांच्या काठावरून पोरं घसरतात आणि बुळबुळीत उतारावर परत चढता येत नाही, अशा बातम्या वाचून तो निर्णय मी शहाणपणाचा ठरवून टाकला. नातवासाठी पूल म्हणता, तर त्याच्या चारी बाजूंनी कुलूपवालं कुंपण आधी हवं, हेही त्याच ओघात.

नदीत पोहा, असं सांगायला माझ्याकडे तोंड नाही. पवनीच्या घाटावर आम्ही उड्या मारल्या ती वैनगंगा वेगळी. आज नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि कन्हानमधून आमच्याकडे येतं, गोसीखुर्दच्या पाण्यावर जलपर्णी डोलते. तेव्हा आपण निळ्या टाइल्सवर भाळलात यात सगळा दोष आपला नाही.

इथवर पत्र लिहून मी ते रात्री मोठ्यानं वाचून दाखवलं. श्रोता एकच. वाटलं, तरंगणाऱ्या पुलाला हसू येईल. तुमच्या सासूबाई तांदूळ निवडत होत्या. हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुमी पोट्टे बोडीत उड्या मारत होता, तवा आमी पारीवर कपडे धूत होतो. मले पाणी घोट्यापर्यंतच माहीत हाय." आणि सूप झटकून आत गेल्या.

जावईबापू, बेचाळीस वर्षांचा संसार आहे. तिला पोहता येत नाही हे मला ठाऊक होतं, जसं तिला गाडी चालवता येत नाही हे ठाऊक आहे. पण गावात एकाही बाईला पोहताना आपण पाहिलेलं नाही, हे माझ्या त्या रात्री पहिल्यांदा ध्यानात आलं. बोडीच्या थोरवीचा वर मी जो परिच्छेद लिहिला त्यात म्हशींची अंघोळ आहे. बायकांची नाही. तो खोडणार होतो. मग तसाच ठेवला. दुसऱ्या दिवशी चौकात विचारलं, तुमच्या घरी कोणा बाईला पोहता येतं का रे? चौक पहिल्यांदाच गप्प बसलेला पाहिला. माशांबद्दल विचारणारा म्हाताराही चपला शोधू लागला.

सकाळी चहा देताना तिनंच विषय काढला. भिंत किती उंच बांधणार, एवढंच विचारलं.

तेव्हा माझं उत्तर असं. आपला चोवीस बाय बाराचा पूल बाद. त्या ठेकेदाराला पन्हं पाजल्याचं कळवून मोकळं करा. वाडीतल्या विहिरीवर पंप आहेच, तो मिरचीला आणि भाजीला पाणी देतो. त्या पाइपाच्या तोंडाशी बारा बाय आठचा हौद बांधू, जसा शेतातल्या विहिरीजवळ असतो आणि ज्यात दुपारी पोरं डुंबतात. साडेनऊ हजार लिटर. काळी माती उपसून खाली मुरूम, पावसाळ्यापुरतं तळाचं बूच काढायचं, म्हणजे खालचं पाणी आत येतं आणि हौद जागेवर राहतो. क्लोरीन नाही, फिल्टर नाही, पट्टी नाही. जे पाणी तसंही वाफ्यांना जायचं ते आधी हौदात येईल, एक-दोन दिवस राहील आणि मग मिरचीकडे निघेल. शेवाळाला संसार थाटायला वेळ मिळणार नाही. साबण मात्र कोणी लावायचा नाही, मिरचीला चालत नाही, आपणही नाही. भोवती सात फूट भिंत, दार एक, कडी आतून, आणि बाहेरून कुलूप, नातवासाठी. किल्ली सासूबाईंच्या कमरेला राहील. शेजारच्या दोघीतिघींनी आताच वार वाटून घेतल्याचं कानावर आलंय, त्यामुळे आपण आलात तर रविवार सोडून मागा. रविवारी जागा नाही.

निम्मे द्यायचं म्हणाला होतात. हौदाचा खर्च पुलाच्या मानानं फारच किरकोळ येईल, त्यामुळे आपण पूर्णच द्या. अनारसे 33 च मिळतील.

भोपळा मी माळ्यावरून काढलाय. सुतळी नवी लागेल. पोहायला शिकवायचं काम आपल्या पत्नीकडे सोपवतो. पुण्यात क्लास लावून ती पोहायला शिकली, आणि त्या फीवरून मी कुरकुरलो होतो, ते तिला आठवत असेल. तिनं आठवण काढू नये म्हणून आपण जरा सांभाळून घ्या.

एक राहिलं. हौद साडेतीन फुटांपेक्षा खोल नको. तुमच्या सासूबाईंची उंची चार फूट अकरा इंच आहे.

आपला नम्र,
सासरा