चव पायात असते

मे महिन्यात डोंबिवलीहून पाचाडला येणारी नातवंडं आंबे-फणस खायला येतात आणि येताना अभ्यास घेऊन येतात. यंदा धाकटीच्या पिशवीत पंचेंद्रियांचा तक्ता होता. डोळा पाहतो, कान ऐकतो, नाक वास घेतं, जीभ चव घेते, त्वचेला स्पर्श कळतो. सातबाऱ्यावर नोंदी असाव्यात तशी ज्याची त्याची हद्द ठरलेली.

"तक्ता कसला पाठ करून घेतेस? दारात गुरंढोरं आहेत, त्यांच्यावरून शिकवतो," असं मी सूनबाईला ऐटीत सांगितलं. अक्कल अर्थात उसनी. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा महागड्या साधनांऐवजी पानं, बिया, शंखशिंपले मुलांच्या हाती दिले. त्यांच्याकडे समुद्र होता, माझ्याकडे गोठा.

"नाक कशासाठी असतं?" मी विचारलं. तेवढ्यात गायीनं जीभ बाहेर काढली आणि नाकपुडी आतपर्यंत स्वच्छ केली. शेजारचा पोरगा म्हणाला, "आबा, तुमी करून दाखवा." मी वर्ग फणसाकडे हलवला.

गऱ्यावर माशी बसली होती. माशीला पायांनीही चव कळते, हे मी अभिमानानं सांगितलं. दुपारी आमटीची वाटी वेळेवर उचलली म्हणून वाचली. धाकटी पाय धुऊन तयारच होती.

मग बांधावरून धामण गेली. साप दुभंगलेल्या जिभेनं हवेतला वास टिपतो आणि टाळूतल्या खास अवयवाकडे पोचवतो. म्हणजे तक्त्यातली आणखी एक हद्द मोडली. रात्री रातकिड्यांनी उरलीसुरलीही मोडली. हे पंखांवर पंख घासून ओरडतात आणि ऐकतात पुढच्या पायांनी; कान गुडघ्याच्या जरा खाली. थोरला विचारात पडला. "म्हणजे बाई त्याचा कान धरायला गेल्या, तर त्याच्या पाया पडल्यासारखं होईल!"

स्पर्शाला मात्र मी जनावर शोधलं नाही. जिजाऊंच्या वाड्याच्या भिंती दाखवल्या. गडावरचा गार वारा त्यांना मानवेना, म्हणून महाराजांनी खाली पाचाडात हा वाडा बांधला, असं सांगतात. धाकटीनं तडक बापाला गाठलं. "बाबा, आजीलाही वारा सोसत नाही. तुम्ही वाडा कधी बांधताय?" माझ्या मुलाचे कान त्या क्षणी कुठल्या अवयवावर गेले कोण जाणे, त्याला काही ऐकूच आलं नाही.

जूनमध्ये शाळा उघडली आणि सूनबाईचा फोन आला. वर्गात विचारलं होतं, "जीभ कशासाठी असते?" सगळी मुलं एका सुरात म्हणाली, "चव घ्यायला!" आमची उभी राहिली आणि म्हणाली, "कुणाची?"

वहीत शेरा आलाय, 'लक्ष नाही.' मला विचाराल, तर अख्ख्या वर्गात प्रश्न नीट ऐकला तो तिनंच.