खारपाणपट्ट्यातील पापलेट

राज्याची मानचिन्हे म्हणजे शासनाने आपले प्रतिनिधी म्हणून जाहीर केलेले प्राणी, पक्षी, फुले इत्यादी सजीव होत. या नेमणुकीला पगार नाही, बदली नाही, आणि उमेदवाराची संमतीही लागत नाही. महाराष्ट्रात शेकरू ही झुपकेदार शेपटीची मोठी खार, हरियाल हा पक्षी, तामणाचे फूल आणि आंब्याचे झाड ही जुनी चौकडी. तीत 2015 मध्ये राणी पाकोळी म्हणजेच ब्लू मॉरमॉन हे फुलपाखरू दाखल झाले, आणि राज्य फुलपाखरू नेमणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य ठरले. पुढे 2020 मध्ये कांदळवनातील पांढरी चिप्पी हे झाड आणि 2023 मध्ये चंदेरी पापलेट यांचीही वर्णी लागली.

मुलांच्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत ही मंडळी सारख्या मापाच्या चौकटींत बसवलेली असतात, त्यामुळे आंब्याचे झाड, पापलेट आणि फुलपाखरू यांची उंची एकच भरते. विदर्भातील अकोटच्या विद्यार्थ्याला ही यादी शिष्यवृत्ती परीक्षेपुरती तोंडपाठ असते. तथापि समुद्र शेकडो किलोमीटर दूर असल्याने राज्यमाशाची आणि त्याची गाठ प्रश्नपत्रिकेतच पडते. मात्र अकोट तालुक्याचा दक्षिण भाग खारपाणपट्ट्यात, म्हणजे भूगर्भातील पाणी खारट असलेल्या पूर्णा नदीकाठच्या प्रदेशात येतो, आणि पापलेटाला खारे पाणी लागते हेही पुस्तकातच छापलेले असते. ही दोन विधाने जोडून एखाद्या चौथीतल्या मुलाने घरच्या विहिरीत गळ टाकला, तर त्याच्या तर्कशास्त्राला नावे ठेवता येणार नाहीत.

हरियालाची गोष्ट उलटी आहे. तालुक्यातल्याच नरनाळा किल्ल्याच्या बाजूला, मेळघाटच्या पायथ्याशी वड-उंबरांना फळे धरली की हा पिवळ्या पायांचा हिरवा पारवा तेथे खरोखरच येतो. परंतु पानांच्या रंगाचा असल्याने तो दिसत नाही, आणि दिसलाच तर तक्त्यातल्यासारखा एका बाजूला तोंड करून स्थिर बसत नाही, म्हणून ओळखला जात नाही.

खरी पंचाईत राणी पाकोळीची. पुस्तकात तिचे काळे-निळे पंख रंगवायला दिलेले असतात, पण तिची अळी कोणी छापत नाही. ही अळी लिंबूवर्गीय झाडांची पाने खाते. लहानपणी ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, आणि मोठी झाल्यावर डिवचली तर डोक्यामागून तांबडे, दुभंगलेले शिंग काढून उग्र वास सोडते. अकोट भागातील संत्रा उत्पादक शेतकऱ्याच्या दृष्टीने पानाला भोके पाडणारी प्रत्येक अळी सारखीच, आणि फवारणीचा पंप पाठीवर घेतलेल्या माणसाने समोरच्या किडीचा शासकीय दर्जा विचारावा, अशी अपेक्षा कोणत्याही कृषी विभागाने आजवर ठेवलेली नाही. परिणामी एकाच घरात धाकटा ओसरीवर राज्य फुलपाखराच्या पंखांत निळा खडू काळजीपूर्वक फिरवत असतो, आणि त्याचे वडील बागेत त्या चित्राच्या संभाव्य मॉडेलचा बंदोबस्त करत असतात.