पहिला सेल्फ कोण मारणार?

महाराष्ट्रात थंडी दोन प्रकारची पडते. महाबळेश्वरला पडते ती विकायची आणि निफाडला पडते ती सोसायची. तिकडे पारा घसरला की हॉटेलांचे दर चढतात, वेण्णा तलावाकाठी दवाचा बर्फ झाल्याचे फोटो छापून येतात आणि पुण्या-मुंबईची माणसं पैसे मोजून कुडकुडायला जातात. आमच्याकडे पारा घसरला की नुसती बातमी येते: 'निफाड गारठले'. 2018 च्या डिसेंबरअखेरीस कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा दोन अंशांच्याही खाली गेला, तेव्हा आमच्या घरी लांबलांबच्या पाहुण्यांचे फोन आले. "बर्फ पडला का हो?" पडला म्हटलं असतं तर चार बिऱ्हाडं मुक्कामाला आली असती. थंडीचा आम्हाला मिळणारा लाभ म्हणजे ओझरवाल्यांशी भांडता येतं. त्यांच्याकडे पाच अंश आणि आमच्याकडे साडेचार निघाले की आमची माणसं दिवसभर कॉलर ताठ करून हिंडतात. कॉलर मफलरखाली असते, पण ताठ असते.

अशा थंडीत शहाण्या माणसानं गोधडी सोडू नये. पण ज्याच्या दारात द्राक्षबाग आहे त्याला शहाणपणाची मुभा नसते. पारा फार उतरला की मण्यांची फुगवण थांबते, मणी तडकतात, भुरी रोगाला तर ही हवा मानवतेच. त्यामुळे पहाटे उठून फवारणी गाठायची, बागेत जागोजाग शेकोट्या करून धूर धरायचा आणि वेलींच्या मुळांना पाणी सोडायचं. विहिरीचं पाणी त्या वेळी हवेपेक्षा कोमट असतं, पाइपातून बाहेर पडताना त्याच्यावर वाफ दिसते. म्हणजे बागेला ऊब पाहिजे म्हणून पाणी, पाण्यासाठी मोटर, मोटरीला वीज, आणि विजेची पाळी नेमकी पुढच्या आठवड्यात म्हणून डिझेल इंजिन. इंजिनाला मात्र चालू होण्यासाठी आधी ऊब पाहिजे. फवारणीचा ब्लोअर ट्रॅक्टरच्या मागे, आणि ट्रॅक्टरचंही तेच म्हणणं. चोवीस तासांतली सर्वांत थंड वेळ सूर्य उगवण्याच्या आसपासची. नेमक्या त्याच मुहूर्तावर तालुक्यातली सगळी यंत्रं चालू करायची असतात.

याला मूळ कारण रुडॉल्फ डिझेल. या गृहस्थांनी 1893 साली पेटंट घेतलं ते असं की इंजिनात ठिणगी नकोच. सिलिंडरमध्ये हवा कोंडायची आणि इतकी दाबायची की ती आपोआप तापेल, मग त्यात डिझेलचा फवारा सोडला की भडका उडेल. आजच्या ट्रॅक्टरात हवा साधारण सोळा-सतरा पट दाबली जाते आणि तिचं तापमान पाचशे अंशांच्या वर जातं. कल्पना झकास आहे. फक्त रात्रभर अंगणात उभ्या असलेल्या ट्रॅक्टरचं अंग बर्फगार असतं, आत येणारी हवाही तशीच, आणि दाबून जरा कुठे ऊब आली की सिलिंडरच्या भिंती ती पिऊन टाकतात. त्यात ऑइल घट्ट झालेलं, त्यामुळे इंजिन जड फिरतं. इंजिन जड फिरतं म्हणून बॅटरीनं जास्त जोर लावायचा, तर थंडीनं तिचाही जोर कमी झालेला. पारा शून्याजवळ आला की बॅटरीची साधारण पाचव्या हिश्शाची ताकद जाते म्हणतात. उरलेली ताकद आदल्या दिवशी ट्रॅक्टरवर मोठ्यानं गाणी लावून पोरांनी घालवलेली असते. डिझेलसाहेबांना स्वतःलाही पहिलं इंजिन नीट चालवून दाखवायला 1897 उजाडलं. त्यांना चार वर्षं लागली, तर आम्हाला एक सकाळ लागायला हरकत नाही, असं मी घरात म्हणून पाहतो. घरात ते पटत नाही.

माझे थोरले चुलते, म्हणजे अण्णा, पहाटे ट्रॅक्टरपाशी जातात तो विधी पाहण्यासारखा असतो. माकडटोपी, तिच्यावर मफलर, दोन स्वेटर आणि खाली मात्र अर्धी चड्डी. बॉनेटवर दव जमलेलं असतं, त्यावर बोटानं रेघ ओढून ते थंडीचा अंदाज घेतात. सीटवर आधी रिकामं पोतं टाकतात, कारण त्या पत्र्यावर थेट बसणं हे कुणाच्याही वयाला झेपणारं नाही. मग गिअर न्यूट्रलला आहे की नाही ते दांडी हलवून पाहतात, क्लच दाबतात, 'हर हर महादेव' म्हणतात आणि चावी फिरवतात. घर्रर्र… घर्र… घर… घ… टक्! या शेवटच्या 'टक्'नंतर जी शांतता पसरते तिच्यात आख्ख्या वस्तीला कळतं की अण्णांचा सेल्फ घेईना.

आणि मग माणसं जमतात. एरवी ग्रामसभेला कोरम भरत नाही, पण न चालू होणाऱ्या ट्रॅक्टरला तो आपोआप भरतो. येणारा प्रत्येक जण रोगाचं निदान घरूनच करून येतो. शेजारच्या मळ्यातले नाना आयुष्यभर "हवा धरली" एवढंच म्हणत आले आहेत. ट्रॅक्टर असो, मोटर असो की व्याह्यांचं पोट, नानांच्या मते हवा धरलेली असते आणि ती काढावी लागते. पान्हा घेऊन ते डिझेल फिल्टरचा बोल्ट ढिला करतात, हातपंप मारतात, बुडबुडे संपून डिझेलची सलग धार आली की समाधानानं मान हलवतात आणि हात अण्णांच्या मफलरला पुसतात. निवृत्त गुरुजींचा भर बॅटरीच्या टर्मिनलवर. तिथली पांढरी भुकटी ते गरम पाण्यानं धुतात आणि धुता धुता ती कशामुळे धरते हे सांगतात. वर्गातली पोरं एकेकाळी झोपायची, आता म्हातारी माणसं झोपतात. तिसरा म्हणतो नोझल गेलं, चौथा पंपवाल्याच्या डिझेलवर घसरतो. आजी ओट्यावरून ओरडते, "आरं, काल त्या बाईनं किती येळ बघितलं ट्रॅक्टरकडं! मिरच्या बांधा पुढं." एवढ्या निदानांमध्ये 'थंडी पडली आहे' हे निदान कुणीच करत नाही. ते फारच सोपं असल्यामुळे त्यात कुणाला मान मिळत नाही.

निदानानंतर उपचार. रेडिएटरमध्ये गरम पाणी ओतायचं हा सात्त्विक उपचार, पण ते पाणी बंबातलं असतं आणि ते सुनेच्या किंवा लेकाच्या आंघोळीचं असतं, त्यामुळे त्याच्यावर घरात मतभेद होतात. त्यानंतरचा उपाय जहाल. फडक्याचा बोळा तारेला बांधून डिझेलमध्ये बुडवायचा, पेटवायचा आणि हवा आत जाते त्या तोंडाशी धरायचा, म्हणजे इंजिनाच्या पोटात गरम हवा जाते. हा काकडा धरणाऱ्याच्या भुवया डिसेंबरात विरळ आणि मेपर्यंत पूर्ववत असतात. नव्या ट्रॅक्टरांत या कामाला हीटर असतो, बटण दाबून काही सेकंद थांबायचं असतं. पण थांबणं हा उपाय आमच्याकडे कुणाला पटत नाही. बटण दाबून गप्प बसलेल्या माणसाला लोक विचारतात, "काय रं, काही करतोस का नाही?"

खरा खानदानी उपाय म्हणजे उतार. आमच्याकडे जमिनीचा उतारा तलाठ्याकडे आणि जमिनीचा उतार ट्रॅक्टरवाल्याकडे पाहतात. संध्याकाळी ट्रॅक्टर तोंड खाली करून चढावर लावायचा, चाकाला दगड द्यायचा. सकाळी दगड काढला की स्वारी आपसूक निघते, वरच्या गिअरात ठेवून हळूच क्लच सोडला की इंजिन गचके खात बोलू लागतं. बॅटरीचा संबंधच नाही. आता निफाड पडलं गोदाकाठचं, इथे सपाट काळी जमीन भरपूर आणि चढ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आमच्या वस्तीला मिळून एकच चांगला चढ आहे, तो देवळाकडच्या रस्त्याचा. दिवाळी संपली की संध्याकाळी पाचपासून तिथे जागा धरायला सुरुवात होते. ज्याचा ट्रॅक्टर सर्वांत वर, त्याला सकाळी खालचे सगळे हलल्याशिवाय हलता येत नाही. म्हणून तो खालच्यांना फोन करून उठवतो. एका घरानं मुलीला स्थळ पाहताना दारापुढे चढ आहे का, हेही पाहिलं होतं. सोयरीक जमली. मुलगा बरा निघाला, चढ मात्र पुढे रस्त्याच्या कामात गेला.

माझा पुतण्या शेकोटीशी बसून मोबाइलवरून जगातले उपाय वाचून दाखवतो. जर्मनीत लान्झ बुलडॉग नावाचा एकसिलिंडरी ट्रॅक्टर होता. त्याचं डोकं आधी स्टोव्हसारख्या बत्तीनं लाल होईतो तापवायचं, मग स्टिअरिंगच दांडीसकट उपसून काढायचं, बाजूला चाकात खुपसायचं आणि त्यानं इंजिन फिरवायचं. चालू झालं की स्टिअरिंग पुन्हा जागेवर. अण्णांनी हे ऐकलं आणि म्हणाले, "आपल्याकडं शेजाऱ्यानं वापराया नेलं तर?" इंग्लंडमधल्या फील्ड मार्शल ट्रॅक्टरला तर बंदुकीसारखं काडतूस घालायची सोय होती. सिलिंडरमध्ये धुमसता कागद सरकवायचा, काडतूस बसवायचं आणि वर हातोडीचा ठोका द्यायचा. धडाम्! इंजिन चालू. यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग नाना म्हणाले, "परवाना लागत आसंल." 2019 मध्ये इंडियन ऑइलनं लडाखसाठी उणे 33 अंशांतही न गोठणारं खास डिझेल काढलं, ही बातमी मात्र सगळ्यांना आवडली. साधं डिझेल तसल्या थंडीत मेणासारखं थिजतं, आमच्याकडच्या डिझेलवर ती पाळी सहसा येत नाही. पण तेव्हापासून आमच्या एका भावकीतल्या माणसानं उशिरा उठण्याचं कारण बदललं आहे. तो सांगतो, "आमच्याकडं अजून लडाखचं डिझेल आलं नाही."

एवढं होईतो कधीतरी ट्रॅक्टर चालू होतो. आधी धुराड्यातून पांढरा धूर येतो, म्हणजे डिझेल आत जातंय पण पेटत नाही. मग एक ठोका, लांब दुसरा, मग बॉनेट थरथरतं, धूर काळा होतो आणि सगळे एकदम मागे सरकतात. हवा काढणारे नाना, टर्मिनल धुणारे गुरुजी आणि काकडा धरणारा, तिघंही आपल्यामुळेच चालू झाला अशा नजरेनं एकमेकांकडे पाहतात. चहा येतो. ट्रॅक्टर धडधडत उभा असतो, त्याला बंद करायची कुणाची छाती नसते.

आता खरं सांगायचं ते इथून पुढे. चालू झालेला पहिला ट्रॅक्टर हा त्याच्या मालकाचा राहत नाही. चहाचा कप खाली ठेवायच्या आत नाना म्हणतात, "अण्णा, येवढं माझ्याला टोचन द्या की." अण्णा साखळी लावून नानांचा ट्रॅक्टर ओढून चालू करून देतात. तिथे गुरुजींचा मुलगा उभा असतो. मग वरचा मळा, मग खालची वस्ती. कुणाची बॅटरी उतरलेली, कुणाची पिकअप अडकलेली, एकाची तर मोटरसायकल. ज्यानं पहिल्यांदा ट्रॅक्टर चालू केला तो नऊ वाजेपर्यंत गावभर साखळी वाजवत हिंडतो. त्याच्याच बागेची फवारणी राहून जाते, डिझेल त्याचंच जळतं, आणि संध्याकाळी पारावर लोक म्हणतात, "अण्णाच्या बागंत भुरी दिसती. ध्यान देत नाही गडी."

हे एकदा ध्यानात आलं की निफाडच्या पहाटेचा उलगडा होतो. साडेपाचला सगळी वस्ती जागी असते. प्रत्येक घरात दिवा लागलेला, प्रत्येक अंगणात कुणीतरी स्वेटर घालून उभं, आणि एकही ट्रॅक्टर वाजत नाही. बाहेरच्याला वाटतं, थंडीनं सगळी यंत्रं गोठली. तसं काही नसतं. सगळे कान देऊन असतात की पहिला सेल्फ कोण मारतो. कुठे घर्रर्र ऐकू आलं की बाकीचे चावीवरचा हात काढून घेतात आणि निदान करायला निघतात. अण्णांचा तो 'टक्!' सुद्धा अलीकडे मला जरा संशयास्पद वाटतो. ते चावी फिरवतात आणि ऐन पेटायच्या बेताला सोडून देतात.

पुतण्यानं यंदा नवा ट्रॅक्टर घेतला. हीटर आहे, बॅटरी नवी, ऑइल थंडीला चालणारं. अर्ध्या चावीत चालू होतो. पहिल्या आठवड्यात पोराची जी दशा झाली ती सांगण्यासारखी नाही. टोचन देऊन देऊन त्याला साखळीचा ठसका लागला. त्याची बाग पिवळी पडायला लागली, तेव्हा अण्णांनी त्याला शेकोटीपाशी बसवलं आणि धंद्यातली मेख सांगितली. तेव्हापासून तो रोज संध्याकाळी बॅटरीची एक वायर ढिली करून ठेवतो. विचारलं तर सांगतो, बॅटरीचं आयुष्य वाढतं. मिस्त्रीनं दोनदा येऊन पाहिलं, दोन्ही वेळा वायर घट्ट केली, पैसे घेतले आणि जाताना अण्णांना हळूच विचारलं, "आता सारखं यायचंच आहे, तर महिन्याचे ठरवायचे का?"