कुठली सी?

अमेरिकेतल्या कुठल्याही मॉडेल-रॉकेट क्लबाच्या मैदानावर हा गृहस्थ भेटतोच. घडीची खुर्ची, उन्हाची टोपी आणि टोपीवर इतके बिल्ले, की ती एका अंगाला कललेली. नोकरीतून निवृत्त झालाय, बोलण्यातून नाही. एखादं पोर पुठ्ठ्याचं रॉकेट नाचवत आलं आणि ‘यात सी मोटर आहे’ म्हणालं, की कपाळावरचा चष्मा नाकावर उतरतो.

“कुठली सी?”

पोराची आई तिथेच गवतावर बसून घेते. आज जेवायला उशीर.

सी म्हणजे एकूण आवेग ५ न्यूटन-सेकंदांच्या वर, १० पर्यंत. सी६-५ मधला ६ म्हणजे सरासरी रेटा, न्यूटनमध्ये. शेवटचा ५ म्हणजे इंधन संपल्यापासून पॅराशूट बाहेर ढकलणारा बार उडेपर्यंतचे सेकंद. “आणि तिथे शून्य असेल तर?” हे तोच विचारतो, उत्तरही तोच देतो: बूस्टर! थांबणं नाही, वरची मोटर लगेच पेटवायची. एस्टेस कंपनीच्या मोटरी तर त्याला लांबूनच लेबलाच्या रंगावरून कळतात. हिरवी एका टप्प्याची, जांभळी वरच्या टप्प्याची, लाल बूस्टर.

त्याचा खरा जीव त्या शेवटच्या आकड्यात. तो कमी पडला तर रॉकेट वेगात असतानाच पॅराशूट उघडतं आणि दोरी पुठ्ठ्याची नळी उभी चिरते. ही मंडळी त्याला ‘झिपर’ म्हणतात. जास्त झाला तर रॉकेट नाकावर येऊन जमिनीत रुततं, तो ‘लॉन डार्ट’. दोन्हींचे नमुने त्याच्या डिकीत असतात. कुणाचे, हे विचारायचं नसतं.

लेबलावर एवढी भक्ती, पण त्याची चहाडी करणाराही हाच. आवाज उतरवून, शेजारच्या घरातली भानगड सांगावी तसं तो सांगतो, “डी१२ चाचणीत सरासरी बारा भरत नाही. दहाच्या आसपास!”

अक्षर एक घर सरकलं की आवेगाची कमाल मर्यादा दुप्पट. ए ते एम बाराच घरं, पण फरक ४,०९६ पट. एचपासून पुढे प्रमाणपत्र लागतं. याच्याकडे दुसऱ्या पातळीचं आहे, म्हणजे जे, के, एल. एमसाठी तिसरी पातळी हवी. ती कधी घेणार, असं कुणी विचारलं की त्याला नेमकी तहान लागते.

सी६ जळते जेमतेम दोन सेकंद. ती लावायची परवानगी मिळेपर्यंत पोराचं आइस्क्रीम वितळून कोपरापर्यंत आलेलं असतं. शेवटी पाच, चार, तीन... फुस्स! सगळं मैदान माना वर करून पाहतं. पॅराशूट उघडतं, टाळ्या पडतात. हा मात्र खाली, हातातल्या स्टॉपवॉचकडे बघत असतो.

“साडेचार. लिहून घे, बाळ.”